स्प्लिटला दोन दिवस पुरतात म्हणे!

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ९
ब्लडप्रेशर १४०/९०.
डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. रोज सकाळी आकडा लिहायचा, बस्स. एका आकड्याला आख्खं पान! फुकट कशाला घालवा, म्हणून रोज चार ओळी लिहीन म्हणतो. वाचणार कुणी नाही. दोब्रिलाला माझं अक्षर लागत नाही. एकतीस वर्षं झाली लग्नाला, अजून लागत नाही.
आजपासून मीठ बंद. वरच्या खोलीच्या खिडकीची झडप दुरुस्त करायची (तीन वर्षं राहिली आहे, पण घाईचं काम वाईट). आणि दुपारी घरी जेवायला वेळेवर यायचं. हे शेवटचं जमेल तसं. आमचा पित्सिगिन बारानंतर खरा रंगात येतो. घोट्याएवढ्या समुद्रात पाच जण गोल उभे, आणि चेंडू पाण्याला लागू द्यायचा नाही. असा खेळ टाकून कोण बटाटे खायला घरी येईल?

संध्याकाळी ६
वरच्या खोलीत नवीन पाहुणा आला. नाव विलिम. झाग्रेबचा. निवृत्त मोजणी अधिकारी, विधुर, साठीचा, उंच. पोट नाही.
जिन्यातच म्हणाला, दोन रात्री राहीन, स्प्लिटला दोन दिवस पुरतात असं ऐकलंय.
पुरतात! झाग्रेबचा माणूस, माझ्या जिन्यात उभा राहून! समोरच्या खिडकीत लुत्सेमावशी होती, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं असं धरायचं. मी म्हटलं, साहेब, रोमन बादशहा रिटायर होऊन इथे आला, हा राजवाडा बांधला, आणि मरेपर्यंत हलला नाही. त्याला काय दुसरीकडे जागा मिळत नव्हती? त्याचं दोन दिवसांत भागलं नाही आणि तुमचं भागणार? नुसत्या राजवाड्याला चार दिवस लागतात. लुत्सेमावशी वरून म्हणाली, शाब्बास रे याक्शा.
पाहुणा विचारात पडला. पडणारच.

३ सप्टेंबर, बुधवार. रात्री जेवणाआधी
ब्लडप्रेशर १४५/९२. युगो सुटलाय. हा दक्षिणेचा वारा आला की डोकं धरतं, सगळ्या गावाला माहीत आहे.
सकाळी पाण्यात असताना आमच्या खेळातला फ्राने म्हणाला, तुझा पाहुणा स्वयंपाकघरात बसून घेवडा निवडतोय म्हणे. फ्रानेला लुत्सेमावशीने सांगितलं होतं. मी खेळ टाकून साडेबाराला घरी. निव्वळ चौकशीला. बघतो तर खरंच! आणि जेवण झाल्यावर या गृहस्थाने स्वतःची ताटली उचलली, मोरीत नेली, घासली, पुसली, फडताळात ठेवली. माझ्या बायकोच्या डोळ्यांदेखत.
असली माणसं घराघरांत भांडणं लावतात. मी आपला दात कोरत बसलो होतो, तर दोब्रिलाने माझ्या ताटलीकडे अशी नजर टाकली!

४ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३
१४५/९५.
आज निघायचा होता. दोब्रिला म्हणाली, आणखी आठ दिवस राहतायत ते. मी म्हटलं, राहणारच! माझ्या जिन्यातल्या भाषणाचा परिणाम आहे हा. झाग्रेबचा माणूस नमवला. पित्सिगिनला जाऊन सगळ्यांना सांगितलं. फ्रानेने पाण्यातच हात मिळवला. मग साडेबाराला लवकर घरी आलो, पाहुण्याची उतरलेली मान बघायला.
मान उतरलेली नव्हती. दोघं हसत होती. मी आल्यावर थांबली. आजपर्यंत दोब्रिलाला घरात हसताना ऐकलं ते लग्नात, आणि नेवेना शाळेत पहिली आली तेव्हा. नेवेना म्हणजे आमची मुलगी. नोकरीसाठी झाग्रेबला राहते, तिकडे या म्हणून चार वर्षं बोलावते आहे. झाग्रेबला काय बघायचं?

६ सप्टेंबर, शनिवार
१५०/९५. युगो.
विलिमसाहेबांनी झडप दुरुस्त केली. आमची, वरच्या खोलीची. पाऊण तासात. मोजपट्टी काढली, दोन खिळे मारले, तेल घातलं. आता एका बोटाने उघडते.
मी करणारच होतो. सामान मनात जुळवून ठेवलं होतं. लोकांच्या घरात येऊन लोकांची कामं करायची, ही कुठली रीत? दोब्रिला पाच वेळा वर जाऊन ती झडप उघडून मिटून आली. लहान मुलीसारखी. मला विचारते, बघितलीस का रे? मी म्हटलं, बघितली, जरा तिरकी बसलीय. ती म्हणाली, तिरकं काय बसलंय ते मला दिसतंय.

८ सप्टेंबर, सोमवार. दुपारी २
१५५/९५.
आज घरात पाश्तित्सादा. मांस आदल्या दिवशी व्हिनेगरमध्ये मुरत घालायचं, मग सकाळपासून मंद आचेवर सुकी अंजिरं, वाइन, सगळं. हा पदार्थ आमच्याकडे ईस्टरला होतो. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला मागितला होता, तर म्हणाली होती, कंबर दुखते. सोमवारी कंबर दुखत नाही वाटतं.
आणि कानात मोत्याचे डूल. चुलीपुढे!
कुणी म्हणेल मी जळतो. मी मुळीच जळत नाही. मी फक्त बघतोय. तीन वेळा वाढून घेतलं, कारण सोडलं असतं तर त्याने खाल्लं असतं. मीठ होतं त्यात, पण हा प्रसंग वेगळा.
आमच्याकडे म्हणतात ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. हा सातवा दिवस! अक्कल कुणाची गेली, हा प्रश्न आहे. उद्या त्याला स्पष्ट सांगणार: स्प्लिट बघून झालं, आता निघा.

९ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७
१५०/९५. पाय सुजलेत.
सांगितलं. म्हणजे सुरुवात केली. न्याहारीला म्हटलं, काय विलिमसाहेब, झालं ना सगळं बघून? तो म्हणाला, हो, झालं म्हणायचं. आता तसं काही उरलं नाही.
इथे मी गप्प बसायला हवं होतं. हे आत्ता कळतंय.
पण उरलं नाही? स्प्लिटमध्ये उरलं नाही? अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, मार्यान टेकडीवर गेलात? वरची चॅपलं बघितलीत? मागच्या बाजूने समुद्र बघितलात? तो म्हणाला, खालून बघितली टेकडी. खालून! मी बूट घातले. साडेतीन तास त्याला टेकडीवर फिरवला. प्रत्येक दगड दाखवला. वर जाऊन मी धापा टाकत होतो आणि हा गडी दमसुद्धा न लागता म्हणाला, याक्शा, तुम्ही म्हणता ते खरं आहे, या शहराला महिना हवा.
घरी येऊन दोब्रिलाला तेच सांगितलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, तू टेकडीवर गेलास? मला घेऊन शेवटचा कधी गेला होतास रे?
माझे पाय तिनेच शेकले. तेवढं बरं वाटलं.

११ सप्टेंबर, गुरुवार
१६०/१००. युगो. (लुत्सेमावशी म्हणते वारा पडलाय. तिला काय कळतंय.)
त्याला पित्सिगिनला मी नेलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं होतं की हा खेळ समजायलाच बाहेरच्या माणसाला दहा दिवस लागतात. तो म्हणाला, बघायला येऊ? तरुणपणी थोडा व्हॉलीबॉल खेळलोय.
थोडा! चेंडू पाण्यापासून वीतभर असताना आडवा झेपावून तळव्याने उडवला. किनाऱ्यावरच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. त्यात दोब्रिला. ती किनाऱ्यावर कशी काय? म्हणे, मला तुम्ही दोघं खेळताना बघायचं होतं. मग मीही झेपावलो. गुडघा गेला. खारं पाणी नाकात. फ्राने म्हणाला, याक्शा, तू जरा बस, विलिमला उभा राहू दे.
माझी जागा. बावीस वर्षांची. फ्राने म्हणजे सख्खा मित्र, त्यानेही केसाने गळा कापला.
दोब्रिलाने गुडघ्याला पट्टी बांधली. हळूच म्हणाली, कशाला उड्या मारतोस एवढ्या? मी म्हटलं, कुणी मारल्या?

१३ सप्टेंबर, शनिवार. सकाळी १०
१६५/१००.
नवा प्लॅन. त्याला दुब्रोव्हनिकला पाठवायचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या त्या दुसऱ्या शहरात, जे स्वतःला आमच्यापेक्षा भारी समजतं. बसचं वेळापत्रक आणलं. आता फक्त त्याला म्हणायचं की दुब्रोव्हनिक सुंदर आहे, एकदा जाऊन या.
बाथरूममध्ये आरशासमोर प्रॅक्टिस केली. ‘दुब्रोव्हनिक’ निघतं. ‘सुंदर’ही निघतं. एका वाक्यात दोन्ही निघत नाहीत. चौथ्यांदा ठसका लागला. दोब्रिलाने दार वाजवलं, काय होतंय म्हणून.

दुपारी ४
जेवताना म्हटलं. म्हणजे असं म्हटलं: विलिमसाहेब, लोक दुब्रोव्हनिकला जातात. का जातात, देव जाणे. तो हसला, म्हणाला, मग आपण नाही जाणार. आपण!

१६ सप्टेंबर, मंगळवार
१५५/९५.
आता नजर ठेवणं हाच उपाय. त्यामुळे वेळ पुरत नाही. सकाळी दोब्रिलाबरोबर बाजारात जातो, पिशव्या उचलतो, म्हणजे तो उचलणार नाही. दुपारी एकच्या ठोक्याला घरात. पित्सिगिन आठवडाभर बंद (गुडघा). रोज दाढी. निळा शर्ट आणला, कारण त्याच्याकडे निळा आहे. काल मोरीचा गळका नळ त्याच्या आधी गाठला, पहाटे सहाला उठून. आज माझी ताटली मी घासली. त्याने हात लावायच्या आत.
दोब्रिला म्हणाली, आज काय सूर्य पश्चिमेला उगवला का? मी म्हटलं, तुझा काहीतरी गैरसमज आहे, मी कायम असाच आहे. ती पातेल्यात ढवळत गाणं गुणगुणत होती. हे माझं जुनं गाणं आहे, बंदरावर दोर ओढताना मी म्हणायचो. त्याला ते माहीत नाही. पण तो ताल धरून बसला होता! जीव नुसता तीळ तीळ तुटतो. लिहितो खरं. तुटतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६
ब्लडप्रेशर मोजलं नाही. 
अकरा वाजता लुत्सेमावशी खिडकीतून म्हणाली, तुझी बायको रिवावर कॉफी पितेय रे, निळ्या शर्टवाल्याबरोबर. मी म्हटलं, निळा शर्ट माझा आहे. ती म्हणाली, तुझा तुझ्या अंगावर आहे, बाळा.
रिवावर! समुद्रासमोर, सगळं गाव जिथे बसतं तिथे, पहिल्या रांगेत. मी पोचलो तेव्हा दोब्रिला तोंडावर हात ठेवून हसत होती. एवढी, की डोळ्यांतून पाणी. लग्नाआधी हसायची तशी. बाजूच्या टेबलावर फ्राने, पित्सिगिनचे सगळे, शिवाय पाद्री. विलिम मला बघून म्हणाला, या याक्शा, मी यांना हेच सांगत होतो, अजून आठ दिवस राहिलो तरी स्प्लिट पुरं होणार नाही.
आणि मी ओरडलो. शुद्धीत होतो. म्हटलं, काय आहे स्प्लिटमध्ये? दगड आहेत! जुने दगड आणि वर मांजरं! दोन दिवस? अहो, दोन दिवस कशाला, एक सकाळ पुष्कळ झाली! दुपारची बस पकडा आणि जा!
  वेटर ट्रे घेऊन होता तिथे थांबला. फ्रानेने खुर्ची माझ्याकडून पलीकडे फिरवली. पाद्रीबुवांनी छातीवर क्रूस काढला. कुणीतरी मागून म्हणालं, अरे, पाणी द्या त्याला.
विलिम उठला. दोब्रिलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, बरोबर आहे तुमचं, आता पुरे झालं. माझ्याशी हात मिळवला. रागही नाही. असल्या माणसाचं करायचं काय!

२० सप्टेंबर, शनिवार. दुपारी १२
१३५/८५.
गेला! आठच्या बसने. स्वतः स्टँडवर सोडून आलो, बस वळेपर्यंत थांबलो.
परत आलो तर दोब्रिला वरच्या खोलीच्या चादरी काढत होती. मी म्हटलं, झाली ना ब्याद दूर? ती पलंगावर बसली आणि बोलली. जसं बोलली तसं लिहून ठेवतो.
म्हणाली, तो माणूस तिसऱ्याच दिवशी बॅग भरून बसला होता. मी थांबवला. त्याला म्हटलं, तुम्ही आलात आणि काल आमची स्वारी खेळ टाकून दुपारी घरी आली. सात वर्षांत झालं नव्हतं. अजून थोडे दिवस राहा. तो भला माणूस, त्याचीही बायको अशीच वाट बघत वारली म्हणाला, आणि राहिला. आणि काल रिवावर हसत होते ती तुझीच गोष्ट सांगून. लग्नाआधी तू मला दाखवायला पित्सिगिनमध्ये उडी मारलीस, नाक फोडून घेतलंस, आणि तसंच रक्त पुसत येऊन माझं नाव विचारलंस, ती.
मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि घडी घालायला लागलो. मग म्हटलं, मी मनातून ओळखलंच होतं. ती म्हणाली, हो का. पण हसली.
मग म्हणाली, माझ्यासाठी स्प्लिटला नावं ठेवलीस तू. सगळ्यांसमोर. असं कुणी कुणासाठी केलं नसेल.
तेही खरंच आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
१३०/८५. फर्स्ट क्लास.
ठरलं. दुपारचं जेवण कायम घरी, एकला, काही झालं तरी. रविवारी मार्यान, दोघांनी. आणि ऑक्टोबरात दोघांनी झाग्रेबला नेवेनाकडे. झाग्रेबलासुद्धा! आज चर्चमधून येताना दोब्रिलाचा हात धरला होता. लोक बघत होते. बघू दे.
पण लोक बोलत नव्हते. एकही जण नाही. भाजीवाल्याने पाठ फिरवली.

२३ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ५
१३५/८८.
वाळीत टाकलंय मला. फ्रानेने निरोप धाडला: पाण्यात उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं की स्प्लिटला जन्म पुरत नाही, तर जागा परत मिळेल. बावीस वर्षांची जागा. दोब्रिलाला म्हटलं, अर्ध्या तासात आलोच, फक्त अब्रूचा प्रश्न आहे.
गेलो. म्हटलं. चार वेळा म्हणायला लावलं, मोठ्याने. मग सगळ्यांनी पाठ थोपटली, मग एक डाव, मग माफीची वाइन. घरी पोचायला चार वाजले. टेबलावर ताटली झाकून ठेवलेली. दोब्रिला काही बोलली नाही. समजूतदार आहे. उद्यापासून एकला.

२४ सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी ५.३०
आज फ्रानेचा वाढदिवस होता, ते मला आधी माहीत असायला हवं होतं. तिथून सुटलो तो साडेचारला. टेबलावर ताटली नाही. चिठ्ठी आहे: नेवेनाकडे चालले. किती दिवस, ते तिथे गेल्यावर ठरवीन.
ठीक आहे. लेकीकडे जावंसं वाटतं आईला. दोन दिवसांत येईल. झाग्रेबमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय?

२७ सप्टेंबर, शनिवार
१५५/९५.
तिसरा दिवस. संध्याकाळच्या बसच्या वेळेला स्टँडवरून चक्कर मारली, सहज. झाग्रेबची बस आली. जर्मन उतरले. लुत्सेमावशीने विचारलं, कुणाला आणायला गेला होतास का? मी म्हटलं, गुडघ्याला चालणं चांगलं.
उद्या फोन करून सांगणार, ये म्हणून. सरळ. एक शब्द.

३० सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ११
१६५/१००. वारा नाही.
परवा केला नाही, काल एंगेज लागला. आज लागला. दोब्रिलानेच उचलला. आवाज फ्रेश होता. विचारलं, कसा आहेस? मी म्हटलं, फर्स्ट क्लास. समुद्र कसा आहे? म्हटलं, आरशासारखा. जेवतोस का वेळेवर? म्हटलं, रोज एकला. (काल जेवलो नाही.) मग तिने तिकडचं सांगितलं. नेवेनाचं घर छान आहे, झाडं आहेत, आणि विलिमसाहेब परवा दोघींना जुनं झाग्रेब दाखवायला घेऊन गेले होते. चांगलं शहर आहे रे, म्हणाली, दोन दिवसांत होत नाही.
मी म्हणणार होतो, ये. ओठांवर होतं.
मग ती म्हणाली, मग, काय करू? येऊ का? आणि थांबली. बराच वेळ थांबली. फोनमध्ये ट्रॅमचा आवाज येत होता.
मी म्हटलं, अगं घाई काय आहे? राहा की. शहर कसं नीट बघावं. इथे मला काहीच अडचण नाही, उलट बरंच चाललंय.
ती म्हणाली, बरं. मग पुढचे आठ-पंधरा दिवस राहते.
फोन ठेवला. चुलीवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलंय. पुसायला हवं.